मानहाइमचे चौकोन उलगडून दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

वाल्डॉर्फ आणि हायडेलबर्गच्या परिसरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा काही मराठी कुटुंबांना आणि भारतातून आलेल्या आमच्या आईवडिलांना आपण गेल्या महिन्यात जर्मनीतील मानहाइम शहराचा जुना भाग पायी हिंडून दाखवलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता यावे असे लिहितो, कारण आपण मानधन घेतले नाही आणि आभाराचे शब्द काढताच विषय बदललात.

आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना हायडेलबर्गचा किल्ला दाखवण्याचा परिपाठ आहे, आणि मानहाइम म्हणजे गाडी बदलण्याचे स्टेशन, एवढीच आमची समजूत होती. आपण मात्र पहिल्याच थांब्यावर आम्हाला राजवाड्याकडे पाठ करून उभे केलेत आणि समोर नेकार नदीकडे सरळ गेलेला रुंद रस्ता दाखवून सांगितलेत की, या एका रेषेवर सगळे शहर बेतलेले आहे. रेषेच्या डावीकडे ए पासून के पर्यंतच्या ओळी, उजवीकडे एल पासून यू पर्यंतच्या, मधला आय तेवढा वगळलेला. प्रत्येक ओळीतील चौकोनांचे, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या ठोकळ्यांचे, आकडे मधल्या रस्त्यापासून बाहेर वाढत जाणारे. आतल्या बहुतेक रस्त्यांना नावच नाही, पत्ता असतो तो चौकोनाचा, आणि बाजाराचा चौक म्हणजे नुसते जी १.

माझे वडील टपाल खात्यातून पोस्टमन म्हणून निवृत्त झाले आहेत. जर्मनीत आल्यापासून ते बहुधा गप्पच होते. त्या दिवशी मात्र त्यांनी लगेच विचारले की, चौकोनाला चारही बाजू असताना घरांचे क्रमांक कोणत्या दिशेने मोजायचे? हा प्रश्न आपण हसण्यावारी नेला नाहीत. डाव्या अर्ध्या भागात घड्याळाच्या उलट्या दिशेने आणि उजव्या अर्ध्या भागात सुलट दिशेने क्रमांक फिरतात, हे आपण कागदावर काढून समजावलेत आणि मग जर्मन भाषेच्या संशोधन संस्थेचा आर ५ हा पत्ता शोधण्याचे काम त्यांच्यावरच सोपवलेत. भाषेचा एक शब्द येत नसताना त्यांनी आम्हा सर्वांना तिथवर बिनचूक नेले. हा मान आपण त्यांना इतक्या सहजपणे दिलात, की त्यामागे काही योजना होती हे माझ्याही फार उशिरा ध्यानात आले.

इतिहास सांगताना आपण सनावळीचा मारा केला नाहीत, तरी ज्या सनांवाचून शहर कळत नाही त्या सोडल्याही नाहीत. ऱ्हाईन आणि नेकार यांच्या संगमाजवळ फाल्त्स या संस्थानाचा अधिपती चौथा फ्रीडरिक याने किल्ला उभारायला घेतला आणि १६०७ मध्ये शेजारच्या वसाहतीला शहराचे हक्क दिले. १६२२ मध्ये कॅथलिक पक्षाचा सेनापती टिली याच्या सैन्याने ते उद्ध्वस्त केले, आणि पुन्हा वसल्यावर १६८९ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजांनी जमीनदोस्त केले. १६८९ म्हणताच आमच्यातील सगळी वडीलधारी मंडळी सावरून उभी राहिली, कारण ते संभाजी महाराजांच्या हौतात्म्याचे साल आहे. पुढे १७२० मध्ये फाल्त्सचा तेव्हाचा अधिपती कार्ल फिलिप याने आपली राजधानी हायडेलबर्गहून इथे आणून अवाढव्य राजवाडा बांधायला घेतला, आणि दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांत तोही जळाला. इतक्या वेळा इमारती गेल्या, पण आराखडा राहिला. जुन्या तटबंदीच्या जागी आज घोड्याच्या नालाच्या आकाराचा वळसा घालणारा हमरस्ता आहे, तो आपण चालत ओलांडायला लावलात, म्हणून शहराची जुनी हद्द आम्हाला पायांनी कळली.

संगीतकार मोत्सार्ट इथे काही महिने राहिला होता, आणि कार्ल बेंझच्या ज्या मोटारगाडीला १८८६ मध्ये पेटंट मिळाले ती याच शहरात घडली, हे आपण ओघात सांगून पुढे गेलात, ते मला आवडले. एरवी अशा फेरफटक्यात अर्धा वेळ त्यातच जातो.

एफ २ पाशी मात्र आपण बराच वेळ थांबलात. तिथले सिनगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १९३८ मध्ये नष्ट करण्यात आले, आणि २२ ऑक्टोबर १९४० रोजी बाडेनमधील इतर ज्यूंबरोबर इथल्या ज्यूंनाही फ्रान्समधील गुर्स येथील छावणीत धाडण्यात आले. मुले सोबत असल्याने हा भाग टाळावा, असे आमच्यापैकी एकाने हळूच सुचवले होते. आपण तो टाळला नाहीत. मुलांना पेलेल अशा शब्दांत सांगितलात आणि बाजारपेठेतील काचेच्या स्मारकाजवळ नेऊन त्यावरची नावे वाचू दिलीत. माझ्या मुलीने घरी आल्यावर जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे देणे मला सोपे गेले नाही, पण ते प्रश्न तिला पडले याबद्दल मी आपला ऋणी आहे.

शेवटी बाजारचौकाजवळच्या तुर्की दुकानात आपण सर्वांना चहा पाजलात आणि त्याचेही पैसे देऊ दिले नाहीत, ही तक्रार मात्र नोंदवून ठेवतो.

पुढच्या फेरीसाठी आणखी चार कुटुंबांनी नावे दिली आहेत. त्यांत एका आजींना गुडघ्याचा त्रास आहे, म्हणून वाटेत बसण्याच्या जागा आपण आधी ठरवून ठेवाव्यात, आणि चहा या वेळी आमच्याकडून घ्यावा, अशी विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
वाल्डॉर्फचा एक रहिवासी