रात्री दहाला एक मिस्ड कॉल

पुणे
२ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

संक्रांतीला सोलापूरला येऊन परत आले, त्याला पंधरा दिवस झाले. फोन रोज होतो, पण जे बोलायचं ते राहूनच जातं. मी गॅसचा विषय काढला की बाबा ‘बरं, बरं’ म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई, तू लगेच ‘जेवलीस का’ म्हणून विचारतेस. म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा. शक्यतो आईनं मोठ्यानं वाचावं.

आधी बाबांची माफी मागते. त्या रात्री मी तुमच्यावर ओरडले, तेही शेजारच्या काकू दारात उभ्या असताना. आजवर कधी तुमच्यापुढे आवाज चढवला नव्हता. सिद्धेश्वराच्या यात्रेतलं होम मैदानावरचं दारूकाम बघून आपण दोघं घरी आलो, काकूंनी ‘पाणी सुटलंय’ म्हणून हाक दिली आणि तुम्ही चपला काढता काढताच मोटारीच्या बटणाकडे हात नेलात. मी तुमचं मनगट धरून मागे ओढलं. तुम्हाला ते फार लागलं, हे मला कळतं. पण बाबा, उंबऱ्यातच मला गॅसचा वास आला होता. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच चालू होतं, आणि आई शेगडीकडे पाठ करून जमिनीवर शेंगा सोलत बसली होती. तिला काहीच जाणवलं नव्हतं.

त्या दृश्यानंतर मला नीट झोप नाही. मी दिवसभर ज्या ठिकाणी काम करते तिथं रोज गॅसच्या हजारो टाक्या भरल्या जातात. गेटवर मोबाइल आणि काडेपेटी काढून ठेवावी लागते, आत येणाऱ्या ट्रकच्या धुराड्याला ठिणगी अडवणारी जाळी लागते, हत्यारं पितळेची असतात, अंगावर सुती कपडेच चालतात. आणि माझी आई तिच्या स्वयंपाकघरात गॅसमध्ये बसलेली होती.

आई, कोरोना झाल्यापासून तुझं नाक पहिल्यासारखं राहिलं नाही. तू कबूल करत नाहीस, पण मी दोन वर्षं बघते आहे. फोडणी करपलेली तुला दिसते तेव्हा कळते. शेंगा पोळीच्या सारणात वेलची घातली की नाही, ते तू मला विचारलंस. आधी असं कधी झालं नव्हतं. बाबांचंही वय सत्तरीच्या पुढे, वर ते बारमाही पडसं. वयानं वास कमी येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आपल्या घरातल्या गॅसची सगळी राखण आजवर तुमच्या दोघांच्या नाकावर होती, आणि आता ती राखण राहिलेली नाही. हेच मला सांगायचं आहे. बाकी सगळं याच्या पोटात येतं.

मुळात या गॅसला स्वतःचा वास नसतोच. टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, दोन्ही बिनवासाचे. गळला तर माणसाला कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र द्रव्य मुद्दाम घालतात. आई, तू शाळेत शिकवलंस म्हणून हे तुला सांगते. गॅसला वास घालायची सक्ती होण्यामागे एक शाळा आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी १८ मार्च १९३७ ला शाळेच्या जमिनीखालच्या पोकळीत गॅस साठला. तो नैसर्गिक वायू होता, आपल्या टाकीतला नव्हे, पण त्यालाही वास नव्हता, त्यामुळे कुणालाच कळलं नाही. कार्यशाळेत एका शिक्षकानं यंत्राचं बटण दाबलं, तेवढ्या ठिणगीनं शाळा उडाली. तीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक मुलंच. त्यानंतर गॅसमध्ये वास घालायचे कायदे झाले. बटण दाबलं तेव्हा त्या शिक्षकाला कसलीच शंका आली नसेल. बाबांचा हात मोटारीकडे गेला तेव्हा मला तेच आठवलं.

बाबा, तुम्ही म्हणालात, ‘दार उघडंच होतं की, गेला असता वाऱ्यानं.’ तसं होत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. तो धुरासारखा वर जात नाही. सांडलेल्या पाण्यासारखा खाली बसतो, जमिनीवरून सरकतो आणि सखल जागा शोधतो. आपली खिडकी छातीच्या उंचीवर, आणि मागच्या दाराला चार बोटं उंच उंबरा. तो तिथंच अडतो. शिवाय स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीखालचा हौद, त्याचं झाकण एका बाजूनं फुटलेलं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हौदाशिवाय घर चालत नाही हे मला मान्य आहे. पण गॅस गळला तर तो आधी हौदात उतरणार आणि दारं उघडून बसलात तरी तिथून लवकर निघणार नाही. झाकण नवं, घट्ट बसणारं करून घ्या. फरशीवाल्याकडे मी पैसे पाठवले आहेत.

आता रात्रीचं गणित सांगते. हवेत या गॅसचं प्रमाण शंभरात दोन भागांच्या आसपास गेलं की ठिणगीनं भडका होतो. आपल्या दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात तेवढं व्हायला साधारण सव्वा किलो गॅस पुरतो, आणि तो खाली थरानं बसला तर त्याहून कमीच. मोठा बर्नर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस सोडतो. म्हणजे विझलेली शेगडी रात्रभर, आठेक तास चालू राहिली तर हिशोब पुरा होतो, आणि गॅस खाली थरानं बसला तर त्याच्या आधीच. आणि आपल्याकडे पाणी एरवी कधी येतं? पहाटे तीनला. आई झोपेत, बाबा अंधारात उठून आधी दिवा लावणार, मग मोटार. बटण चालू करताना आत बारीक ठिणगी उडते, बंद करतानाही उडते. दिव्याच्या बटणाचं तसंच, फ्रिज आपोआप चालू-बंद होतो त्यातही तसंच.

यावर उपाय मात्र एका हाताचा आहे. रात्रीची भांडी आवरली की टाकीवरच्या रेग्युलेटरचा नॉब बंद करायचा. शेगडीचं बटण बंद करून भागत नाही, कारण मग नळीत गॅस राहतो, आणि नळी उंदरानं कुरतडली किंवा शेगडीचं बटण सैल झालं तर तो रात्रभर झिरपत राहतो. नॉब बंद असला की शेगडी, नळी, बटण, काहीही बिघडलं तरी वाट अडलेली. नाक चालो न चालो. आई, तू म्हणतेस खाली वाकता येत नाही. मग हे काम बाबांचं. बाबा, तुम्ही तीस वर्षं मागावर चादरी विणल्यात, पाळी संपली की माग थांबवून, खटका पाडून, पुन्हा एकदा बघूनच बाहेर पडायचात. आई अजून सांगते ते. तीच सवय इथं हवी आहे.

टाकीपुढचा प्लॅस्टिकचा पडदा मी काढून ठेवला होता, तो परत लावला असेल तर कृपा करून काढा. गळती पडद्याआड लपते. नळीला गुंडाळलेला कपडाही तसाच. आई, तू ती स्वच्छ राहावी म्हणून शिवलास, पण आत भेग पडली तर दिसणार कशी? जुनी नळी मी बदलून आले, तिच्यावरचं साल वाचलं तेव्हा आठ वर्षं झालेली होती. आता आहे ती केशरी, आत तारेची जाळी असलेली, तरीही पाच वर्षांनी बदलायचीच.

नवी टाकी आली की पोऱ्याला घाईत जाऊ देऊ नका. सील बघा, टोपी काढून आतली रबरी चकती जागेवर आहे का बघा, रेग्युलेटर त्यालाच लावायला सांगा. मग जोडावर साबणाचं पाणी लावा, फुगे आले तर गळतंय. बाबा, काडी ओढून बघायची तुमची पद्धत कायमची बंद. तुमच्या वडिलांपासून चालत आली असली तरी बंद. कड्याखालच्या उभ्या पट्टीवर आतल्या बाजूनं एक इंग्रजी अक्षर आणि सालाचा आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, पुढची तीन अक्षरं त्यापुढच्या तीन-तीन महिन्यांची. टाकीची पुढची तपासणी कधी लागते ते त्यावरून कळतं. ती तारीख उलटून गेली असेल तर टाकी घेऊ नका. आणि संपत आलेली टाकी आडवी करून शेवटचा चहा काढायचा नाही. टाकीत द्रव असतो, आडवी केली की तोच नळीत येतो, आणि बाहेर पडला की अडीचशे पट फुगून गॅस होतो. हाताला लागला तर थंडपणानं कातडी भाजल्यासारखी जाते.

जादाची टाकी गच्चीवर ठेवता तीही खाली सावलीत आणा, उभीच, वारा लागेल अशा जागी. भरताना वर जागा मोकळी सोडतात ती उन्हानं द्रव फुगतो म्हणूनच. पण आपल्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीची फरशी पाय ठेवू देत नाही, तिथं टाकी कशाला?

समईचं मी चार दिवस मनात घोळवलं, कारण आजीच्या हातची जागा आहे ती. पण देवघर जमिनीलगत, शेगडीच्या अगदी समोर, आणि गॅस वाहतो जमिनीवरूनच. त्या रात्री समई विझलेली होती म्हणून हे पत्र लिहिते आहे. देव बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला न्यावेत अशी माझी विनंती आहे. आई, तुझं मन मोडत असेल तर निदान समई तरी बाहेर लाव.

बाबांनी परवा विचारलं, शेजाऱ्यांनी न्हाणीत गॅसचा गिझर बसवला, आपणही बसवावा का. नको. बंद न्हाणीत तो जळताना आतली हवा खातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार करतो. त्याला रंग नाही, वास नाही, कुणी त्यात काही घालतही नाही. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि आतून कडी असते. तांब्याच्या बंबाला पर्याय हवा असेल तर विजेचा बसवू. शेजाऱ्यांनाही सांगा, गिझर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या म्हणून.

पुन्हा कधी शंका आली, वासानं असो की नुसत्या आवाजानं, तर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. पंखा चालू असेल तर चालू राहू द्या, दिवा बंद असेल तर अंधारात चाला. समई-उदबत्ती असेल तर विझवा, नॉब बंद करा, मागचं-पुढचं दार सताड उघडा आणि अंगणात या. फोन अंगणात आल्यावरच करायचा. १९०६ हा गॅस गळतीचा नंबर चोवीस तास चालतो, मी तो कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून आले आहे. आग दिसली तर १०१.

टाकीच्या तोंडाशी आग लागली तर ओली चादर टाकून विझवता येते, हे बाबांना पक्कं ठाऊक आहे. आपली सोलापुरी चादर जाड, सुती, त्याला उत्तमच. आमच्याकडे प्रात्यक्षिकात असंच शिकवतात आणि मी ते केलंही आहे. पण मी चाळिशीची आहे. तुमचा गुडघा बदललेला आहे, बाबा. तुम्ही आईचा हात धरायचा आणि बाहेर यायचं, शेजाऱ्यांना बाहेर काढायचं. चादरीकडे वळायचं नाही. घर पुन्हा उभं करता येईल. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर मात्र पाणी न ओतता गॅस बंद करून झाकण ठेवा, तेवढं आईला जमतं.

मी शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येते. गॅस ओळखणारा एक भोंगा घेतला आहे, तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा असतो, मीच लावीन. गॅसचं पुस्तक अजून आजोबांच्या नावावर आहे, तेही बाबांच्या नावावर करून घेऊ. कागद काढून ठेवा.

तोपर्यंत एवढंच करा. रोज रात्री नॉब फिरवला की बाबांनी मला एक मिस्ड कॉल द्यायचा, दहाच्या सुमाराला. मी उचलणार नाही. दोनदा वाजला की मला कळेल, आणि मग मी झोपेन.

तुमची,
मनू