पशुवैद्यकाचे काम गोठ्यापुरतेच?

महोदय,

पशुवैद्यक म्हणजे सुई टोचणारा, गाय अडली की धावत येणारा डॉक्टर, एवढीच आपली समजूत असते. अमेरिकेतील डॉ. लिओ बुस्टॅड (१९२०–१९९८) यांनी हे काम कितीतरी पुढे नेले.

दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या कैदेत होते. पुढे हॅनफर्डच्या अणुप्रकल्पात त्यांनी मेंढ्या आणि डुकरांवर होणारा किरणोत्साराचा परिणाम अभ्यासला. १९७३ ते १९८३ ते वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. याच काळात त्यांनी एकाकी वृद्ध आणि आजारी माणसांना प्राण्यांचा सहवास मिळावा, हा विषय लावून धरला. मनोविकारतज्ज्ञ मायकेल मॅक्युलॉक आणि इतरांसोबत १९७७ मध्ये पोर्टलंडला डेल्टा फाउंडेशन स्थापन केले. तीच संस्था आज 'पेट पार्टनर्स' म्हणून काम करते. किरणोत्सारापासून वृद्धाश्रमापर्यंतचा हा प्रवास मला फार मोठा वाटतो.

आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांनीही जवळच्या वृद्धाश्रमांशी असे नाते जोडावे, अशी कळकळीची विनंती आहे. प्राण्यांची तपासणी, लसीकरण, स्वभावाची पारख हे काम पशुवैद्यकाशिवाय होणारच नाही.

हे लिहिण्याचे कारण घरचेच. पक्षाघातानंतर आईचा उजवा हात व्यायामाच्या वेळी हलतच नसे. मात्र आमची म्हातारी कुत्री मोती खाटेला टेकून बसली, की तोच हात हळूहळू सरकत तिच्या कानामागे जायचा.

– एक वाचक, सातारा