गोबरगॅसवरच्या इंधनघटात इलेक्ट्रोलाइट कोणता, हे आधी विचारा

संपादक महोदय,

गोबरगॅसवर वीज करण्यासाठी सॉलिड ऑक्साइड इंधनघट (गॅस ज्वाळेत न जाळता त्यातून थेट वीज करणारे सिरॅमिकचे उपकरण) घेऊ पाहणाऱ्या विदर्भातल्या गोशाळांनी आणि ग्रामपंचायतींनी किंमत विचारण्याआधी आतला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमधला आयन वाहून नेणारा थर, कोणता ते विचारावे.

रोज 50 किलो शेणातून साधारण 2 घनमीटर गॅस मिळतो. 40 टक्के कार्यक्षमता धरली तर त्यातून पावणेपाच युनिट वीज निघते. नेहमीच्या घटात इलेक्ट्रोलाइट म्हणून यट्रिया (यट्रियमचे ऑक्साइड) मिसळलेला झिर्कोनिया (झिर्कोनियमचे ऑक्साइड) असतो. त्यातून ऑक्सिजनचे आयन नीट सरकायला 800 अंश सेल्सिअस लागतात, आणि त्या तापात सांधे तडकतात, स्टीलमधले क्रोमियम उडून हवेकडच्या इलेक्ट्रोडवर बसते. म्हणून 600 अंशांचा घट हवा, हे खरेच. पण तेवढ्यावर भुलू नये.

प्रोटॉनवाहक, म्हणजे हायड्रोजनचे आयन वाहून नेणारा, बेरियम सेरेट या तापमानाला उत्तम चालतो, मात्र गोबरगॅसमध्ये 35 ते 40 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. त्याने बेरियम कार्बोनेट तयार होऊन थर भुसभुशीत होतो. हायड्रोजनच्या सिलिंडरवर हा दोष दिसतच नाही, म्हणून प्रात्यक्षिक गोबरगॅसवरच मागावे.

आमच्या मते 10 टक्के गॅडोलिनियम घातलेला सेरिया (सेरियमचे ऑक्साइड) इथे योग्य. 600 अंशांना तो झिर्कोनियाच्या चार-पाच पट वाहक आहे. इंधनाकडच्या निकेलच्या इलेक्ट्रोडच्या आधारावर त्याचा 10 ते 15 मायक्रॉनचा थर पुरतो. त्याची खोड अशी की इंधनाच्या बाजूला सेरियमचे क्षपण होते (त्याला इलेक्ट्रॉन मिळतात), इलेक्ट्रॉन थरातून आतल्या आत गळतात आणि विनाभार व्होल्टेज (घटातून वीज घेत नसतानाचे) 1 व्होल्टच्या खाली, 0.8-0.9 पर्यंत येते. भार नसताना ही गळती सर्वाधिक. म्हणून घट रिकामा तापवत ठेवू नये, जोडीला बॅटरी असावी.

गोबरगॅसमधल्या गंधकाचे मात्र कोणताही इलेक्ट्रोलाइट घेतला तरी बघावेच लागते. गंजलेल्या लोखंडी किसाने हायड्रोजन सल्फाइड बराच कमी होतो, पण निकेलला दशलक्षात एक भागही जड जातो; पुढे झिंक ऑक्साइडचा थर हवाच. निकेलवर काजळी धरू नये म्हणून गॅस वाफेसह बाहेरच्या रिफॉर्मरमधून (मिथेनचे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड करणाऱ्या भांड्यातून) न्यावा.

डिसेंबर-जानेवारीत टाकी मंदावते. घट तापलेला असताना गॅस तुटला तर निकेलचे ऑक्साइड होऊन ते फुगते आणि वरचा पातळ थर फाटतो. म्हणून नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळलेला सिलिंडर जोडून ठेवावा, आणि घट थंड होईपर्यंत तो गॅस सोडत राहावा.

आपले,
सिरॅमिक पदार्थांचे अभ्यासक
आर्वी, जि. वर्धा