डबा परत गेला, झाकण राहिलं

धायरी, पुणे
1 फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं आई म्हणणार. बाबांना फोनवर धड ऐकू येत नाही. मग मी इथून ओरडायचं, तू तिथून त्यांच्या कानाशी ओरडायचं, आणि आमच्या घरातलं सगळं आधी वाईच्या शेजाऱ्यांना कळायचं. त्यातून हे ओरडून सांगण्यासारखं नाही. बाबांनी चष्मा लावून आपलं आपण वाचावं. आई, तू नंतर वाच. का ते शेवटी कळेल.

महापालिकेचा निकाल तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल, त्याचं काही लिहीत नाही. कोण आलं आणि कोण पडलं यावर बाबांचं नि माझं कधी जमलेलं नाही, आता या वयात (तुमच्या आणि माझ्याही) कशाला उकरून काढा. मला सांगायचंय ते डिसेंबरातल्या एका रविवारचं.

8 डिसेंबरला हमालांचे पुढारी बाबा आढाव गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला तेव्हा बाबा, तुम्ही एवढंच म्हणालात, "आमचा माणूस गेला गं," आणि फोन आईकडे दिलात. तो "आमचा" माझ्या डोक्यातून जाईना. तुम्ही आडत्याकडचे दिवाणजी, गादीवर बसून पट्ट्या लिहिणारे. हमाल पंचायत, त्यांची हमालांची संघटना, काही तुमची नव्हे. पण मार्केट यार्डात दुपारी जेवायला पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' केंद्राच्या रांगेत हमालांबरोबर उभे राहायचात, आणि घरी येऊन आईच्या झुणक्याला नावं ठेवायचात. शंभर किलोचं पोतं पन्नासवर यायला किती वर्षं भांडावं लागलं, हे मी तुमच्याकडूनच ऐकलं. विधानसभेनंतर, 2024 च्या नोव्हेंबरात, 94 वर्षांचा तो माणूस निवडणुकीतल्या पैशाच्या नावाने फुले वाड्यात तीन दिवस उपाशी बसला, तेव्हा आई म्हणाली होती, "या वयात कशाला जीवाला त्रास." तुम्ही काही बोलला नव्हतात. ताटातली निम्मी भाकरी तशीच ठेवून उठलात, एवढं मला आठवतं.

तर त्याच आठवड्यातला रविवार, 14 डिसेंबर. आमच्या सोसायटीत 84 फ्लॅट, आणि मी खजिनदार. निवडून वगैरे आले नाही, बाकी कुणी हात वर केला नाही म्हणून. सकाळी अकराला अध्यक्षकाकांचा फोन आला, खाली या, एक जण भेटायला आलेत. एका इच्छुकाचा कार्यकर्ता होता. तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाइल. फार गोड बोलणारा. मला "ताई" म्हणाला, अध्यक्षकाकांच्या पाया पडला. पार्किंगमध्ये सगळीकडे ब्लॉक बसवून देतो म्हणाला, आणि वर दोन बाक. सोसायटीने फक्त विनंतीचं पत्र द्यायचं. पत्र त्याच्या फाइलमध्ये टाइप होऊन तयारच होतं, सोसायटीचं नाव घालायला जागा सोडलेली. म्हणाला, आजच सह्या करा, उद्या-परवा आचारसंहिता लागेल. माणूस माहितगार होता. दुसऱ्याच दिवशी लागली.

मी म्हटलं, ब्लॉक राहू देत, पाण्याच्या लाइनीचं बघा.

बाबा, तुम्हाला माहीत आहे ना इथलं. खडकवासला धरण माझ्या घरापासून स्कूटरवर पंधरा-वीस मिनिटं, आणि माझ्या वहीत देखभालीतला सगळ्यात मोठा आकडा टँकरचा. गाव शहरात आलं 2017 साली. त्यानंतर इमारती जितक्या आल्या तितकं पाणी आलं नाही. उन्हाळ्यात दिवसाला चार टँकर येतात. मागच्या वर्षी जानेवारीत या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळीकडे जीबीएसचे, हातापायातली ताकद घालवणाऱ्या त्या आजाराचे, पेशंट निघाले, पाण्यावर संशय आला, आणि आम्ही महिनाभर गॅसवर पातेली चढवून बसलो होतो. आई तेव्हा म्हणाली होती, पुण्याला पाण्याने छळायची खोडच आहे. तिचं आपलं पानशेतचं धरण फुटलेलं, 12 जुलै 1961. नऊ वर्षांची पोर, पर्वतीवरून खाली पाणी बघत होती, ते आम्ही शंभरदा ऐकलंय. पण 25 जुलै 2024 ला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकता नगरीत तळमजले बुडाले, तेव्हा पहिला फोन तिचाच आला होता, "तू वर आहेस ना गं?" चौथ्या मजल्यावर राहते मी, आई. माझ्याकडे पाणी चढवायला पंप लागतो.

असो. लाइनीचं ऐकून तो पोरगा हसला. कुत्सित नाही, समजूतदार हसला. म्हणाला, "ताई, लाइन जमिनीखाली जाते. दिसत नाही. ब्लॉक दिसतात."

मग फाइलमधून त्याने आमच्या इमारतीची मतदार यादी काढली. विंगप्रमाणे, मजल्याप्रमाणे. कोण भाडेकरू, कुणाचं नाव अजून गावाकडच्या यादीत, कोण परदेशी, सगळं पेनने लिहिलेलं. 131 मतं, म्हणाला. मी खजिनदार असून मला पाचव्या मजल्यावरचे लोक ओळखता येत नाहीत, आणि याला त्यांची सून माहेरी बाळंतपणाला गेलीय हेसुद्धा ठाऊक होतं. खरं सांगते, मला राग यायला हवा होता, पण आधी कौतुकच वाटलं. शनिवार पेठेतल्या वाड्यात आठ बिऱ्हाडांची अशी बित्तंबातमी फक्त नळावर मिळायची.

कमिटीचं म्हणणं सरळ होतं. आपल्याच टॅक्सचे पैसे आहेत, फुकट मिळतंय तर घ्या, मत कुणाला द्यायचं ते आत कोण बघतंय. दुसऱ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, शेजारच्या सोसायटीने तर सोलर घेतलं. त्या "तर"मध्ये आपण कमी पडल्याचं दुःख होतं. अध्यक्षांनी सही केली, सचिवांनी केली, आणि पत्र माझ्यापुढे आलं.

बाबा, मी सही केली.

नाही म्हणता आलं असतं. कुणी काही वाकडं केलं नसतं, फार तर पुढच्या सभेत "त्या मॅडमना सगळ्यालाच विरोध असतो" झालं असतं. बारा वाजत आले होते, गॅसवर कुकर होता, आणि माझ्या एका नकाराने काय होणार होतं, असा सगळा हिशेब मी पाच सेकंदांत केला. हिशेब करायला तुम्हीच शिकवलाय. सही करताना मला तो स्टीलचा डबा आठवला, हे मात्र खरं.

मी चौथीत होते. पालिकेच्या निवडणुकीत वाड्यात घरटी एकेक डबा वाटला होता, दोन किलो साखर मावेल एवढा, वर नाव कोरलेलं. आईने तो फळीवर ठेवलाही होता. तुम्ही संध्याकाळी आलात, काही न बोलता डबा वर्तमानपत्रात गुंडाळलात, सायकलच्या कॅरियरला बांधलात आणि देऊन आलात. सात बिऱ्हाडांकडे डबा, आपल्याकडे नाही. आई आठ दिवस तुमच्याशी कामापुरतं बोलत होती. "तत्त्वात साखर ठेवता येत नाही," असं ती शेजारच्या काकूंना म्हणाल्याचं मी ऐकलंय.

निवडणूक झाली 15 जानेवारीला. पाच वर्षांनी व्हायची ती जवळजवळ नऊ वर्षांनी. 2017 च्या फेब्रुवारीनंतर थेट आता, आणि त्यातली शेवटची पावणेचार वर्षं तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. एका प्रभागात चार जण, अ, ब, क, ड, म्हणजे मतंही चार. माझ्यापुढच्या आजी एक बटण दाबून निघाल्या, तर केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, "आजी, अजून तीन राहिलीत." आजी म्हणाल्या, "मला एकच येतो ओळखीचा." परत पाठवलं त्यांना. चारही झाल्याशिवाय मशीन काही मोठ्याने वाजत नाही. मी माझी चार बटणं दाबली. ब्लॉकवाल्याला दिलं की नाही ते तुम्हाला सांगणार नाही, आणि तुम्ही विचारणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कचऱ्याच्या मावशी आल्या. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या आहेत, त्यांची आईसुद्धा कचरा वेचायची. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 साली झाली, पुढे त्यांच्या आईला ओळखपत्र मिळालं. ते लॅमिनेट केलेलं कार्ड मावशींनी अजून जपून ठेवलंय, एकदा मला दाखवलं होतं. आमच्या सभेत दर वर्षी यांच्या महिन्याच्या पैशावरून अर्धा तास वाद होतो. दहा रुपये वाढवायचे तर लोक पंख्याकडे बघायला लागतात. ओला-सुका वेगळा मात्र कुणी करत नाही, ते मावशींनीच पार्किंगमध्ये बसून, हाताने.

मी सहज विचारलं, मत दिलं का. म्हणाल्या, "दिलं की. पाकीट पण आलतं." कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. "घेतलं, ताई. मधी पोरगं आजारी होतं, चार दिवसाचा खाडा पडलेला, तेवढा भरून निघाला. बटण माझं मीच दाबलं." हे सांगताना त्यांनी आवाज खाली केला नाही. मान खाली घालून बादली मीच उचलून दिली.

आमच्या ग्रुपवर त्याच दिवशी एकाने लिहिलं होतं, हे झोपडपट्टीवाले पैसे घेऊन मतं देतात म्हणून शहराचं असं होतं. त्यावर अठरा अंगठे. ब्लॉकच्या पत्रावर सही करणाऱ्या तिघांपैकी दोघे त्यात होते. तिसरी मी, नुसती वाचत बसलेली. मी मग टाइप केलं, "आपण ब्लॉक घेतले त्याला काय म्हणायचं?" दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा पाठवलं. कुणी उत्तर दिलं नाही. तासाभराने कुणीतरी टँकर कधी येणार विचारलं आणि ग्रुप पुन्हा सुरू झाला.

पण गंमत म्हणजे त्या रात्री पाचव्या मजल्यावरची ती बाळंतपणाहून आलेली सून दार वाजवून आली. "काकू, लाइनीचा अर्ज करायचा असेल तर मी लिहून देते, मला मराठी टाइप येतं." मी दोन रविवार घरोघर फिरले. 84 पैकी 61 सह्या मिळाल्या. तेवीस घरांनी "बघू" म्हटलं. काही घरांत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एका घरात तर आईसारखेच पोहे झाले होते, जरा जास्त तेलकट. मावशींचे दहा रुपये वाढवायचा ठरावही त्याच कागदांबरोबर फिरवला, त्याला सह्या बऱ्याच कमी पडल्या. अर्ज गुरुवारी दिला, आवक शिक्का मारून पोच घेतली. झेरॉक्स सोबत जोडली आहे. बाबा, शुद्धलेखन तपासून फार लाल करू नका, अर्ज गेलाय.

आता आईच्या वाटणीचं. आई, रागावू नकोस, माझी एकटीचीच कबुली नको म्हणून सांगते. बाबा, तुम्ही त्या दिवशी डबा परत नेलात, पण त्याला झाकण नव्हतं. आईने तुम्हाला सांगितलं, झाकण आलंच नव्हतं. ते तांदळाच्या डब्यात होतं. पुढे महिनाभर तिने विटेच्या तुकड्याने घासून घासून त्यावरचं नाव घालवलं, आणि आज चाळीस वर्षं तुमच्या दुधाच्या पातेल्यावर जे झाकण असतं ना, काठाला चेपलेलं, ते तेच.

कानाच्या मशीनसाठी 20 तारखेची वेळ घेतली आहे. आदल्या दिवशी या, स्वारगेटला मी उभी राहते. गोळ्यांची पिशवी विसरू नका.

तुमची धाकटी

ता. क. ब्लॉक लिफ्टपासून मीटरच्या खोलीपर्यंत झाले आणि थांबले. निकालानंतर कुणी फिरकलं नाही, पुढे नुसती खडी पसरली आहे. बाबा, काठी आणा.