सह्या केलेल्या कोऱ्या धनादेशांविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

अडीनडीला उपयोगी पडावेत म्हणून बाबांनी काही कोरे धनादेश सह्या करून आईकडे ठेवले आहेत, असे परवा बोलण्यात आले. त्यामागची काळजी मला कळते; तरीही ते तसे राहू नयेत असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

धनादेश म्हणजे अमुक व्यक्तीला अमुक रक्कम माझ्या खात्यातून द्यावी, अशी खातेदाराने आपल्या बँकेला दिलेली लेखी आज्ञा. लंडनमधील १६५९ सालचा एक धनादेश आजही जपलेला आहे; ४०० पौंड देण्याविषयी सावकारांना लिहिलेली ती हस्तलिखित चिठ्ठीच आहे. छापील कागद आणि क्रमांक पुढे आले, पण आज्ञा खरी ठरते ती आजही सहीमुळेच. कोऱ्या धनादेशावर सही करणे म्हणजे आज्ञा आधी देऊन मजकूर दुसऱ्यावर सोपवणे होय. असा कागद ज्याच्या हाती पडेल, तो नाव आणि रक्कम स्वतःच भरू शकतो, आणि सही जुळत असल्यामुळे बँकेला शंका येण्याचे कारण उरत नाही.

म्हणून आधी तारीख, नाव आणि रक्कम लिहावी आणि सही सर्वांत शेवटी करावी. नावापुढची व रकमेपुढची मोकळी जागा रेघ ओढून बंद करावी. अक्षरी आणि अंकी रकमेत तफावत असेल तर कायदा बहुधा अक्षरी रक्कम प्रमाण मानतो. प्रत्यक्षात मात्र बँका असा धनादेश अनेकदा परतच पाठवतात.

मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या डाव्या कोपऱ्यातील दोन तिरप्या समांतर रेघा. त्या ओढल्या की खिडकीवर रोख रक्कम मिळत नाही, पैसे खात्यातूनच जावे लागतात, आणि त्यामुळे ते कोणाकडे गेले याचा माग राहतो. त्या रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी’ असे लिहिले, तर रक्कम ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात जमा व्हावी असा स्पष्ट निर्देश मिळतो. ‘किंवा धारकास’ हे शब्द छापलेले असतील तर तेही खोडावेत. खालच्या पट्टीतील आकडे चुंबकीय शाईने छापलेले असून यंत्र ते वाचते, तेव्हा तेथे काही लिहू नये आणि घडीही घालू नये.

धनादेशाची मुदत देशागणिक वेगळी असते. भारतात एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांची आहे. तुम्हाला कोणी धनादेश दिला, तर देणाऱ्याच्या बँकेने तो वटवेपर्यंत पैसे आले असे धरू नये.

आईकडचे ते धनादेश चेकबुकातील क्रमांकांशी ताडून पाहावेत, त्यांवर ‘रद्द’ असे लिहून सह्यांचा भाग फाडून टाकावा, आणि एखादा सापडला नाही तर त्याचा क्रमांक देऊन त्याच दिवशी बँकेला लेखी कळवावे, म्हणजे त्याचे पैसे देणे थांबवता येईल.

तुमची लेक