खोडरबर न चालणारी वही: सातवीच्या गणिताच्या बाईंना एका पालकाचे जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षीच्या पहिल्या पालकसभेत आपण सातवीच्या गणिताच्या तासाचे नियम आणि गृहपाठाच्या अपेक्षा वाचून दाखवत असताना, मागच्या बाकावरून उठून "एवढ्याशा गृहपाठावर पोरं पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीला काय टिकणार?" असे विचारणारा पालक मी होतो. माझा आवाज गरजेपेक्षा बराच वर गेला होता आणि दोन-तीन पालकांनी माना डोलावल्यामुळे मला उगाच चेव चढला होता. आपण शांतपणे म्हणालात, "दिवाळीपर्यंत थांबा, मग बोलू." दिवाळी होऊन गेली, वार्षिक निकालही लागला, पण बोलायला मी काही आलो नाही. चारचौघांत जे बोललो ते चुकले होते, हे शाळेच्या फाटकापाशी हळूच सांगून मोकळे होणे मला पटेना. म्हणून आभारही चारचौघांतच मानतो आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे लेथकामाचे छोटे वर्कशॉप आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. मी ज्या शाळेत शिकलो तिथे गृहपाठ नसला की अंगठे धरून उभे राहावे लागे, त्यामुळे प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी आम्ही निम्मा वर्ग एका हुशार मुलाच्या वहीभोवती गोळा होऊन भराभर उतरवून काढत असू. वही भरलेली दिसली की मास्तर खूश आणि घरचेही खूश. गणित कोणाला येते आणि कोणाला येत नाही, हे त्या भरलेल्या वह्यांवरून ब्रह्मदेवालाही कळले नसते. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली खरी, पण माझ्यासारख्या बापाच्या डोक्यात बसलेली छडी तिथेच होती. गृहपाठ म्हणजे पाने भरणे आणि शिस्त म्हणजे धाक, एवढेच धरून मी त्या सभेला आलो होतो.

आपण दिलेला नियमांचा कागद एकाच पानाचा, आपल्या हस्ताक्षरातला आणि झेरॉक्स काढलेला होता. समास आखावा, तारीख आणि सरावसंचाचा क्रमांक घालावा, कंपासपेटी रोज दप्तरात असावी, दुसरा उत्तर सांगत असताना मध्येच ओरडू नये, हे त्यातले नियम कोणत्याही वर्गात असतात तसेच होते. आमच्या घरी पहिल्याच आठवड्यात रडारड झाली ती खोडरबरावरून. गणिताच्या वहीत काहीही खोडायचे नाही. चुकलेल्या पायरीवर पट्टीने एकच रेघ मारायची, रेघेखालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी समासात काय चुकले ते एका ओळीत लिहायचे, असा तो नियम. आमचे चिरंजीव टापटिपीचे. सहावीपर्यंत त्यांच्या वहीत एकही काट सापडत नसे, आणि त्याचा आम्हा उभयतांना अभिमान होता. त्या स्वच्छ वहीखाली किती वेळा खोडले गेले होते, हे कागदाला पडलेल्या भोकांवरून मला कळायला हवे होते, कळले नाही.

परिमेय संख्यांच्या पाठाच्या वेळी या नियमाचा अर्थ माझ्या ध्यानात आला. मुलाने १/२ आणि ३/८ यांची बेरीज करताना वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा अंक मिळवून ४/१० असे उत्तर काढले होते. मात्र गणित सोडवण्याआधी उत्तराचा अंदाज लिहावा, असा आपला आणखी एक नियम होता, आणि त्याप्रमाणे त्याने वर आधीच लिहून ठेवले होते: "अर्ध्यापेक्षा जास्त येईल." उत्तर आले ते अर्ध्यापेक्षा कमी. त्याने रेघ मारली आणि समासात लिहिले, "अर्ध्यात भर घातली तरी उत्तर अर्ध्याहून लहान आले, म्हणून रीत चुकली." मी ते वाचले आणि वही घेऊन वर्कशॉपात गेलो. आमच्याकडे जुने मिस्त्री अजून सुतात मोजतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे अर्धा इंच चार सूत आणि ३/८ इंच तीन सूत, मिळून सात सूत. छेद समान का करावे लागतात, हे मी शाळेत तोंडपाठ केले होते, पण ते दोन मापे एकाच सुतात आणण्यासाठी असतात हे त्या दिवशी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मुलाची चूक वाचताना मला उमगले. चूक खोडली गेली असती, तर वहीत ७/८ हे बरोबर उत्तर दिसले असते आणि आम्ही दोघेही कोरडेच राहिलो असतो.

(पाढ्यांच्या बाबतीत मात्र माझे मत अजूनही आपल्याहून वेगळे आहे. सातवीच्या मुलांना पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्यावा, हे मला पटत नाही. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघड म्हणत आणि गुळाच्या अडतीवर कागद-पेन्सिल न घेता हिशेब करत. यावर आपण एकदा सवडीने भांडू.)

आता ज्या नियमावरून मी सभेत बोललो, त्याविषयी. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना सगळे विषय मिळून दिवसाला जास्तीत जास्त एक तासाचा गृहपाठ असावा असे म्हटले आहे, हे आपण त्या सभेत सांगितले होते. मी ते नीट ऐकूनही घेतले नव्हते. त्या तासातला अर्धा तास आपण गणितासाठी धरला आणि रोज चार ते पाचच गणिते दिली. घड्याळ लावून बसायचे, तीस मिनिटे झाली की जिथे असू तिथे आडवी रेघ मारायची, वेळ लिहायची आणि वही मिटायची. रेघेखाली गणिते राहिली तर त्याबद्दल बोलणी नाहीत. पहिले काही दिवस मी मुलाला रेघ मारल्यावरही बसवत असे. पुढे त्याच्याकडूनच कळले की, आपण रोज सकाळी सगळ्यांच्या वह्यांतल्या रेघा पाहता, आणि निम्म्याहून अधिक मुलांची रेघ दुसऱ्याच गणितापाशी पडली असेल, तर नवा भाग पुढे न नेता आदल्या दिवशीचाच भाग दुसऱ्या पद्धतीने शिकवता. म्हणजे त्या रेघांवरून आपण आपलाच तास तपासत होता, आणि मी मुलाला जादा बसवून आपल्याला खोटा आकडा पाठवत होतो. ते लक्षात आल्यावर मी थांबलो. संध्याकाळचा जो वेळ सुटला तो मुलाने अर्थातच फुटबॉलला दिला. फुटबॉलवेड्या मंगळवार पेठेत राहून त्याला त्याबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही, कारण शाहू स्टेडियमवर सामना असला की माझेही शटर लवकर खाली येते.

"आले नाही" एवढेच लिहायला आपल्या वर्गात मनाई होती, हाही नियम मला पुढे आवडू लागला. जिथपर्यंत आले तिथपर्यंत लिहावे आणि कशात अडलो तो प्रश्न नेमका मांडावा. मित्राची मदत घेतली तर त्याचे नाव वहीत घालावे. असे नाव घालायची सोय आमच्या वेळी असती, तर त्या हुशार मुलाचे नाव आमच्या चाळीस वह्यांत रोज झळकले असते.

पालकांसाठीच्या नियमाबद्दल लिहायचे तर मला कबुलीजबाबच द्यावा लागेल. पालकाची सही म्हणजे मूल बसले होते एवढीच साक्ष, उत्तरे बरोबर असल्याची हमी नव्हे, आणि पालकांनी गणित सोडवून देऊ नये, असे कागदावर स्वच्छ लिहिले होते. आपल्या कोल्हापुरात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवल्याबद्दलचा महिना एक रुपयाचा दंड पालकांना ठेवला होता. शिस्तीची सुरुवात पालकापासून करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तरीही घरच्या एका लग्नाच्या धावपळीत मी मुलाला सरळव्याजाची तीन गणिते सोडवून दिली आणि त्याने ती उतरवली. मुद्दल वीस हजार, दर साल दर शेकडा नऊ. मी पुस्तकातले सूत्र न वापरता शंभराला नऊ, म्हणजे हजाराला नव्वद, म्हणजे वीस हजाराला अठराशे, असे मांडले होते. दुसऱ्या दिवशी वहीत आपला शेरा आला: "रीत बाजारातली आणि अचूक आहे. मुलाची असेल तर त्याने ती फळ्यावर करून दाखवावी." मुलाला ती दाखवता आली नाही. मी शरमून चिठ्ठी पाठवली, आणि त्यावर आपण जे केले त्याबद्दल मी आपला विशेष ऋणी आहे: मुलाला एका शब्दाने दुखावले नाही, आणि पुढच्या आठवड्यात दहा मिनिटे ती रीत समजावून सांगायला मलाच वर्गात बोलावले. हातात खडू घेऊन मी उभा राहिलो आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "काका, पण मुदत अडीच वर्षे असली तर?" एका वर्षाचे अठराशे, दोन वर्षांचे छत्तीसशे आणि अर्ध्या वर्षाचे नऊशे मिळवून साडेचार हजार हे उत्तर सांगायला मला जो वेळ लागला, तेवढ्या वेळात तिने ते सूत्राने काढून दाखवले. त्यानंतर मी कधीही गृहपाठ सोडवून दिला नाही.

आणि पावसाळ्यातला तो गृहपाठ. शाळांना पुराची सुट्टी लागली तेव्हा आपण निरोप पाठवलात की नवी गणिते नाहीत. ज्यांच्या घरापर्यंत पाणी आले आहे किंवा ज्यांना घर सोडावे लागले आहे त्यांना काहीही करायचे नाही. बाकीच्यांनी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी दिवसातून तीन वेळा लिहून तिचा आलेख काढावा आणि धोका पातळीला किती उरले ते सांगावे. इशारा ३९ फुटांवर आणि धोका ४३ फुटांवर, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असते. एका सकाळी पातळी ४१ फूट ७ इंच होती. मुलाने आलेखावर ४१.७ चा बिंदू घेतला, ४३ मधून वजा करून १.३ काढले, आणि खाली लिहिले की धोका पातळीला एक फूट तीन इंच उरले आहेत. मी त्यावर सही केली. दिवसभर इंच आणि मिलिमीटर यांच्यातच माझा जन्म चालला आहे, आणि माझ्याही डोळ्यांना ते खटकले नाही. दुपारी त्यानेच मला बोलावून दाखवले, कारण पट्टीवर मोजून पाहताना त्याला सतरा इंच मिळत होते, पंधरा नव्हे. त्याने रेघ मारली आणि समासात लिहिले, "फुटात १२ इंच असतात, १० नाहीत. ७ इंच म्हणजे ७/१२ फूट, साधारण ०.५८. उरले १ फूट ५ इंच." सुट्टी संपल्यावर आपण ते पान वर्गात सगळ्यांना दाखवले, चुकलेला मुलगा म्हणून नव्हे तर चूक पकडणारा मुलगा म्हणून, आणि तशीच चूक केलेल्या इतर मुलांनीही आपापल्या वह्या उघडून रेघा मारल्या, असे त्याने घरी येऊन सांगितले. सांगताना तो जेवायचे विसरला होता.

वर्कशॉपात मी आता एक वही ठेवली आहे. रिजेक्ट झालेला जॉब भंगारात टाकण्याआधी कोणते माप का चुकले ते त्यात एका ओळीत लिहायचे, आणि त्याबद्दल कोणाला बोलायचे नाही. पहिल्या महिन्यात कामगारांनी फारसे काही लिहिले नाही. मग मी माझ्याच दोन चुका लिहिल्या, तेव्हापासून ती भरू लागली.

यंदाच्या सातवीला दाखवण्यासाठी आपण मुलाची जुनी वही मागितली होती, ती या पत्रासोबत पाठवत आहे. पुराचे पान जसेच्या तसे आहे आणि त्यावरची माझी सहीही तशीच आहे. कव्हर तेवढे नवे घातले आहे, कारण जुन्यावर ऑइल सांडले होते. ते मुलाच्या नव्हे, माझ्या हातून.

आपला नम्र,
सातवीतून आठवीत गेलेल्या एका मुलाचा बाप
मंगळवार पेठ, कोल्हापूर