दीडपट वेगाचा हिशेब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. एका महिन्यात तू एकोणीस चित्रपट पाहिलेस हे वाचून मी आधी थक्क झालो, आणि त्यातले बहुतेक मोबाइलवर दीडपट वेगाने पाहिलेस, हे तू पुढच्याच ओळीत सहज लिहून टाकलेले वाचले तेव्हा थोडा चिडलोही. संवाद कळतात, गोष्ट कळते आणि वेळही वाचतो, असे तुझे म्हणणे. त्याच महिन्यात मी पाच चित्रपट पाहिले. त्यातल्या पाचव्याची शिफारस तुझीच होती, त्यामुळे त्याचा विषय शेवटाकडे काढतो. बाकीच्या चारांबद्दल मात्र सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण ते पाहताना तुझा तो दीडपट वेग सारखा माझ्या डोक्यात होता.

आधी एक जुनी गोष्ट आठवून देतो. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचा असे आणि सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी, म्हणजे एकेक स्थिर चित्र, टिपल्या जात. पुढे बोलपट आले आणि चोवीस चौकटींचा वेग रूढ झाला. सोळा चौकटींनी टिपलेला मूकपट चोवीसच्या वेगाने दाखवला, तर तो नेमका दीडपट पळतो. लहानपणी आपण ते तुरुतुरु चालणारे, टोपी काढताना झटका बसल्यासारखे वाकणारे लोक पाहून हसायचो, आणि त्या काळची माणसे तशीच असावीत असे मला तरी बरीच वर्षे खरेच वाटत असे. ती माणसे बिचारी सावकाशच चालत होती. तुझ्या एकोणीस चित्रपटांतली माणसे तुला कशी दिसली असतील, याची मला म्हणूनच काळजी वाटते.

तुझ्या पद्धतीला न्याय मिळावा म्हणून मी तिची परीक्षा मुद्दाम 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'वर घेतली. १९५७ सालचा, सिडनी ल्युमेट यांचा हा चित्रपट म्हणजे खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाच्या खटल्याचा निकाल ठरवायला, जवळजवळ सगळा वेळ एका खोलीत बसून बोलणारी ज्युरीतली बारा माणसे. यावरून निघालेला 'एक रुका हुआ फैसला' आपण एकत्र पाहिला होता आणि पंकज कपूर यांच्या त्या संतापाची नक्कल तू कितीतरी दिवस करत होतास, ते मी विसरलेलो नाही. इथे सगळे काही शब्दांतच आहे, तेव्हा वेग वाढवून बिघडणार काय, असे मलाही वाटले. पहिला अर्धा तास खरोखरच काही बिघडले नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

मग तो म्हाताऱ्या साक्षीदाराचा प्रसंग आला. पक्षाघातामुळे पाय ओढत चालणारा हा गृहस्थ सांगतो, की वरच्या मजल्यावर कोणी पडल्याचा आवाज ऐकून आपण पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोहोचलो आणि पळणाऱ्या मुलाला पाहिले. ज्युरीतला एक सदस्य झालेला हेन्री फोंडा खोलीत अंतर मोजतो, लंगडत ते चालून दाखवतो आणि दुसरा एक सदस्य घड्याळ लावतो. एकेचाळीस सेकंद भरतात. अख्खा खटला या फरकापाशी डळमळतो. मी हे दीडपट वेगाने पाहत होतो, त्यामुळे फोंडा चांगलाच तरतरीत लंगडत होता, आणि मनात हिशेब केला तर एकेचाळीसचे सत्तावीस झाले होते. तुझ्या मोबाइलने त्या म्हाताऱ्याला चौदा सेकंदांची सूट दिली होती, आणि तीही आरोपीच्या जिवावर! मी तिथेच थांबलो, चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला आणि शहाण्यासारखा साध्या वेगाने पाहिला. एकूण शहाण्णव मिनिटांचा तर आहे.

दुसऱ्या वेळी एक गोष्ट ध्यानात आली. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर असतो, मग नजरेच्या पातळीवर येतो आणि शेवटी खाली जातो, इतका, की छतही दिसू लागते. लेन्सही टप्प्याटप्प्याने जास्त लांबीच्या वापरल्या आहेत, त्यामुळे मागच्या भिंती पुढे सरकत आल्यासारख्या वाटतात. ल्युमेट यांनी हे ठरवून केले होते. पाहणाऱ्याला ते कळत नाही, फक्त कोंडल्यासारखे होते आणि ते उकाड्यामुळे होत असावे असे वाटते. अशी कोंडी चढायला जो वेळ लागतो तोच तू कापतोस, एवढेच माझे म्हणणे आहे.

'कोर्ट' मी तिसऱ्यांदा पाहिला. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१४ साली व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि त्यामुळे तो 'पाहायला हवा' अशा चित्रपटांच्या यादीत जाऊन बसला. अशा यादीत गेलेले चित्रपट लोक पाहायचे राहून जातात, तसा तुझाही राहिला आहे. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिरावर असा आरोप आहे, की त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. आरोपच इतका विचित्र आहे, की एखाद्याने त्याचे प्रहसन केले असते. ताम्हाणे कॅमेरा एका जागी ठेवतात आणि न्यायालयाचे कामकाज चालते तसे चालू देतात. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचे बोलणे आपल्या शब्दांत बसवून टंकलेखकाला सांगतात, आणि माणूस जे बोलला ते कागदावर जाताना कसे आकसत जाते हे आपल्या डोळ्यांदेखत घडते.

त्या कामगाराची बायको साक्ष द्यायला येते तो प्रसंग मी तुला सांगून खराब करतो आहे, पण नाइलाज आहे. नवरा गटारात उतरण्यापूर्वी आत खडा टाकायचा, झुरळे बाहेर आली तर आत श्वास घेता येईल असे समजायचा, हे ती सांगते. वास सहन व्हावा म्हणून तो दारू प्यायचा, हेही सांगते. आवाज चढत नाही, डोळे भरत नाहीत. विचारलेल्या प्रश्नापुरते उत्तर देऊन ती थांबते, आणि पुढचा प्रश्न येईपर्यंतच्या शांततेत आपण त्या झुरळांचा विचार करत बसतो. हीच साक्ष तू दीडपट वेगाने ऐकलीस तर ती बाई पाठ करून आल्यासारखी वाटेल, आणि सरकारी पक्षाला हवे असते तेही नेमके तेच. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी याच चित्रपटात मुलाला शाळेतून घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबासह नाटकाला जाऊन हसतात. त्यांचा राग धरावा म्हटले तर धरता येत नाही. माझ्या मते ही या चित्रपटातली सर्वांत अवघड आणि सर्वांत चोख गोष्ट आहे.

शेवटाकडे, सुटी लागण्यापूर्वीचे कामकाज आटोपल्यावर, दालन रिकामे होते, एकेक दिवा बंद होतो, दार लागते आणि पडदा काळा होतो. तो इतका वेळ काळा राहतो, की पहिल्यांदा पाहिला तेव्हा चित्रपट संपला समजून मी उठून उभा राहिलो होतो. या वेळी बसून राहिलो. त्यानंतर सुटीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेताना दिसतात, मुले ओरडून त्यांना दचकवतात आणि ते एकाला थप्पड मारून पुन्हा झोपी जातात. यावर मी काही लिहीत नाही. पाहून तूच लिही.

'कोर्ट'नंतर दोनच दिवसांनी मी 'पर्फेक्ट डेज' पाहिला, ही माझी चूक झाली. विम वेंडर्स यांच्या २०२३ सालच्या या चित्रपटाचा नायक हिरायामा टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करतो. पहाटे रस्ता झाडल्याच्या आवाजाने उठतो, गाडीत कॅसेट लावतो, दुपारी झाडांच्या पानांतून झिरपणाऱ्या उजेडाची छायाचित्रे काढतो. तुला तो मनापासून आवडला असे तू लिहिले आहेस, आणि तो दीडपट वेगाने आवडू शकतो हेच मला कोडे आहे, कारण एकाच दिनक्रमाची पुन्हा पुन्हा होणारी आवृत्ती हाच त्याचा सगळा ऐवज आहे. शौचाच्या भांड्याची खालची कड दिसावी म्हणून तो छोटा आरसा धरून पाहतो, तो क्षण मलाही फार आवडला. कोणी पाहणार नाही अशा जागेची इतकी निगा राखणारा माणूस पडद्यावर क्वचितच दिसतो.

पण माझ्या डोक्यात ती झुरळे होती. हिरायामाची स्वच्छतागृहे नामांकित वास्तुकारांनी बांधलेली आहेत; एकाच्या काचेच्या भिंती तर आतून कडी लावली की अपारदर्शक होतात. त्या स्वच्छतागृहांवर लघुपट करावेत असे निमंत्रण वेंडर्स यांना आले होते आणि त्यातून हा चित्रपट झाला, हे कळल्यावर तिथे घाण जवळजवळ दिसतच नाही याचे नवल वाटेनासे झाले. शिवाय मध्येच त्याची बहीण चालक असलेल्या गाडीतून येते, तेव्हा कळते की हा सुखवस्तू घर मागे टाकून आलेला असावा. म्हणजे त्याने हे साधेपण निवडले आहे. खडा टाकून झुरळांची वाट पाहणाऱ्याने काय निवडले होते? ही तुलना अन्यायाची आहे हे मला कळते. एका चित्रपटाने दुसऱ्याचे कर्ज फेडावे अशी अपेक्षा कोणी करू नये. तरीही मन नाराज राहिले ते राहिलेच. मात्र शेवटी गाडी चालवणाऱ्या कोजी याकुशो यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो आणि त्या एका चेहऱ्यावर हसू आणि रडू एकमेकांना ढकलत येत-जात राहतात, तेव्हा मी सगळी तक्रार काही वेळ बाजूला ठेवली. त्या अभिनयासाठी त्यांना कान महोत्सवात पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

हिरायामा हे नाव कुठून आले ते शोधता शोधता मी चौथ्या चित्रपटापर्यंत पोहोचलो. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू हे वेंडर्स यांचे दैवत. ओझूंवर वेंडर्स यांनी १९८५ साली एक माहितीपटही केला आहे. आणि ओझूंच्या १९५३ सालच्या 'टोकियो स्टोरी'तल्या कुटुंबाचे आडनाव हिरायामाच आहे. म्हातारे आईवडील दूरच्या गावाहून मुलांना भेटायला टोकियोला येतात, मुलांना वेळ नसतो, आणि युद्धात गेलेल्या मुलाची विधवा तेवढी त्यांच्यासाठी वेळ काढते. गोष्ट एवढीच. खरे सांगायचे तर अर्ध्या तासानंतर माझाही हात मोबाइलकडे गेला होता आणि तुझी आठवण जरा आपुलकीने झाली होती.

मला धरून ठेवले ते सुरुवातीच्या एका क्षुल्लक प्रसंगाने. प्रवासाची बांधाबांध चालली आहे आणि हवेची उशी सापडत नाही. म्हातारा म्हणतो, ती तुझ्याकडे आहे. म्हातारी म्हणते, मी ती तुम्हालाच दिली होती. तो शोधत राहतो आणि ती त्याच्याच सामानात निघते. तो तसे सांगतो, आणि विषय संपतो. ना भांडण, ना विनोद. चित्रपट जवळजवळ सव्वादोन तासांचा आहे आणि तो संपेपर्यंत ही उशी माझ्या मनातून गेली नाही, कारण शेवटी तो त्याच घरात, जवळजवळ त्याच जागी एकटा बसलेला असतो आणि आता काही हरवले तरी विचारायला कोणी नसते. सुरुवातीला खिडकीशी थांबून शुभेच्छा देणारी शेजारीण पुन्हा तिथेच येते. एकटे राहिले की दिवस फार मोठे वाटतात, अशा अर्थाचे काहीतरी तो तिला म्हणतो आणि पंख्याने वारा घेत राहतो.

केशभूषेचे दुकान चालवणाऱ्या त्या मुलीविषयी तुझे मत मला हवे आहे. सगळे तिला वाईट ठरवतात. आई गेल्यावर ती हमसून रडते, आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणातच आईची वस्त्रे आठवण म्हणून मागून घेते. मला मात्र तिचे रडणेही खरे वाटले आणि मागणेही. अशी माणसे आपण दोघांनीही जवळून पाहिली आहेत. कदाचित एखाद्या दिवशी तसे वागलोही असू.

आता तुझा पाचवा. तो रहस्यपट मी तुझ्या सल्ल्याप्रमाणे दीडपट वेगाने पाहिला, आणि काहीही गमावले असे वाटले नाही. दुप्पट वेगही त्याने सहन केला असता. तेव्हा तुझी पद्धत सर्वस्वी टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही.

वहिनींना नमस्कार सांग. 'टोकियो स्टोरी' पाहशील तेव्हा निदान त्या उशीच्या प्रसंगापुरता वेग साधा ठेव. त्याला फार वेळ लागत नाही.

तुझा,
जुना मित्र

ता. क. त्या रहस्यपटातला खुनी मला सहाव्या मिनिटाला ओळखू आला. तुझ्या हिशेबाने चौथ्या.